पाणकणसात दगड कशाला मारता?

दर पावसाळ्यात तेच. परवा उरणच्या पाणथळीत पाऊण तास चिखलात उकिडवा बसलो, तेव्हा कुठे पिवळा तापस दिसला. जेमतेम ३८ सेंटीमीटरचा बगळा. चोच आभाळाकडे, मान ताणलेली, गळ्यावरच्या रेघा पाणकणसाच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या त्या उंच गवतासारख्या झाडाच्या, पात्यांत मिसळून गेलेल्या. वारा आला की पात्यांबरोबर तोही किंचित डोलायचा. श्वास रोखून कॅमेरा उचलला, तोच मागून धप्प! दगड. कशासाठी, तर मागच्या फोटोवाल्याला म्हणे 'फ्लाइट शॉट', म्हणजे पक्षी उडतानाचा फोटो, हवा.

अहो, हा त्याच्या विणीचा काळ आहे! घरटं त्याच पाणकणसात, पाण्यापासून हातभर उंचीवर असतं. तो उडाला की अंडी उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. दुसरा एक जण त्याला बाहेर काढायला मोबाइलवर तापसाचाच आवाज लावून बसला होता. तिसऱ्याने फोटो 'मोकळा' यावा म्हणून पाती मोडली. ज्या आडोशावर तो जगतो, तोच आडोसा! सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "तुमचं तळं आहे का?"

आधीच भराव टाकून पाणथळी बुजवतायत. उरलेल्या चार पात्यांत तरी त्याला राहू द्या ना!