पुढून खटखट आली म्हणजे शॉकअपच गेले, हे खरं नाही

गाड्यांच्या ग्रुपवर एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: "पुढच्या चाकातून खटखट येतेय म्हणजे शॉकअप गेले. बोनेट दाबून सोडा, गाडी उसळली की खात्री पटली. दोन्ही शॉकअप बदलून टाका. वळताना आवाज येत असेल तर एक्सल गेला. तोवर बुशांवर ऑइल मारा, अलाइनमेंट करून घ्या आणि बिनधास्त चालवा, खटखटीनं काही होत नाही."

यात मध्ये मध्ये खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो चटकन पटतो. पण त्याच्या नादानं लोक चांगले शॉकअप काढून टाकतात, आवाज जागच्या जागी राहतो, आणि ज्या भागाकडे ताबडतोब बघायला हवं होतं तो आतल्या आत झिजत जातो. पैसे वाया गेल्याचं दुःख आहेच, पण ही शेवटची गोष्ट मला फार खुपते. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो. मी बोलतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या लहान गाड्यांबद्दल: स्विफ्ट, वॅगन आर, आय-ट्वेंटी, टियागो. या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या नळीवर बसवलेले.

"खटखट येतेय म्हणजे शॉकअप गेले"

शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरण्याचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगचा जोर तिथे मुरतो. तेल गळून गेलं की गाडी झुलायला लागते, स्पीडब्रेकरनंतर हेलकावे खाते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजतो. नळीवर ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. आतला रॉड सैल झाला किंवा वरचा नट ढिला पडला तर शॉकअपही वाजतो, हे मान्य. पण नुसती खटखट आहे, गाडी झुलत नाही, नळी कोरडी आहे, अशा वेळी आधी दुसरीकडे बघायचं असतं.

पहिली जागा लिंक रॉडची. बहुतेक गाड्यांत वीत-दीड वीत लांबीची ही सळई असते, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, म्हणजे कपात बसवलेला गोळा असलेले, सगळीकडे फिरणारे सांधे. एक टोक स्ट्रटला, दुसरं स्टॅबिलायझर बारला. हा बार दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडलेला असतो. एक चाक वर गेलं आणि दुसरं खाली राहिलं की तो पिळतो आणि गाडीला एका अंगाला झुकू देत नाही. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर त्याला पिळायला कारणच नसतं, तो आपल्या बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यांमध्ये, नुसता फिरतो.

ही एवढी गोष्ट लक्षात घेतली तर फुकटात निदान होतं. रिकाम्या रस्त्यावरचा एक स्पीडब्रेकर निवडा. आधी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील असे जा. मग त्याच वेगानं तिरके जा, एक चाक आधी आणि दुसरं नंतर. सरळ जाताना गाडी गप्प आणि तिरकी घेतली की टकटक, तर संशय लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशांवर. खडबडीत रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जाताना हा आवाज जास्त येतो. गुळगुळीत हायवेवर तो नाहीसा होतो, आणि मालकाला वाटतं गाडी आपोआप बरी झाली.

गॅरेजमध्ये हा भाग तपासताना एक चूक मी वारंवार पाहतो. एकच चाक जॅकवर उचलतात आणि लिंक रॉड हलवून बघतात. एक चाक लटकलं की बार पिळलेला असतो, लिंक रॉड ताणात असतो, आणि गेलेला बॉलसुद्धा हाताला घट्ट लागतो. "लिंक रॉड ओके आहे" असं सांगून गाडी परत पाठवली जाते, आणि पुढच्या खेपेला शॉकअपवर घाव पडतो. गाडी चारही चाकांवर असताना, पिटवर किंवा रॅम्पवर, खाली जाऊन रॉड मुठीत धरायचा आणि झटके द्यायचे. चांगला जॉइंट हलवला तरी एकसारखा जड लागतो. गेलेला असेल तर टक्क असा ठोका बोटांना लागतो. गाडीचा आवाज चालू असला तरी तो हाताला कळतो. लिंक रॉडची जोडी शॉकअपच्या जोडीच्या मानानं खूप स्वस्त पडते, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा ब्रेकची, आणि त्या सल्ल्यात ब्रेकचा उल्लेखच नाही. आपल्या गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकतो. त्या पिना किंवा त्यांच्या खोबणी झिजल्या, पॅड बदलताना त्यांच्या पत्र्याच्या क्लिपा बसवायच्या राहिल्या, की खड्ड्यात कॅलिपर किंवा पॅड आपटतात. आवाज ऐकून कोणीही सस्पेन्शन म्हणेल. मागे गाडी नसताना, त्याच खडबडीत पट्ट्यावर, ब्रेकच्या पेडलवर पाय अगदी हलका ठेवा. पॅड डिस्कला धरून बसतात. खटखट थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर सस्पेन्शन उघडायची गरज नाही, आधी कॅलिपर उघडा.

तिसरी जागा लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश. ब्रेकचा बराचसा ओढा त्याच्यावर येतो. याचा आवाज टकटक असा नसतो, एकच ढप्प असा असतो: ब्रेक लावताना एकदा, सोडून गाडी ओढताना एकदा. रिव्हर्समधून पुढे निघतानाही येतो. रबर फाटलेलं असेल तर टॉर्च मारून दिसतं. क्लच सोडताना असाच धक्का बसत असेल तर इंजिन माउंटही बघा.

आणि या सगळ्याच्या आधी दोन मिनिटं चाकाच्या नटांना द्या. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर दोन-चार दिवसांत आवाज सुरू झाला असेल तर तर नक्कीच. लहान गाड्यांत हे नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर टॉर्कनं आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे. डिकीतला जॅक आणि पाना नीट अडकवलाय का, बॅटरीचा क्लॅम्प घट्ट आहे का, इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर लोंबतंय का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. पत्र्यातून आवाज लांबवर पोचतो, आणि डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो.

"बोनेट दाबून सोडा"

पूर्ण मेलेला शॉकअप या चाचणीत सापडतो, अर्धामुर्धा गेलेला सापडत नाही. हातानं दाबून गाडी जितकी सावकाश हलते आणि खड्ड्यात चाक ज्या वेगानं वर येतं, यांत फार अंतर आहे. खटखटीबद्दल तर ही चाचणी जवळजवळ काहीच सांगत नाही. दाबायचंच असेल तर एकानं दाबावं आणि दुसऱ्यानं बोनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या माउंटवर तळहात ठेवावा. तिथे ठोका लागला तर माउंटिंगचं रबर किंवा वरचा नट तपासायला घ्यावा.

"वळताना आवाज आला तर एक्सल गेला"

यातलं खरं एवढंच, की एक्सलचा, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकाला नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट वळतानाच वाजतो. पण वळताना वाजणारं सगळं एक्सल नसतं.

एक्सलच्या आवाजाला लय असते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हलका रेस देत गोल फिरवा. कट-कट-कट असा आवाज येईल, चाकाचा वेग वाढला की तोही भरभर येईल, वेग कमी केला की मंद होईल. सोबत चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर किंवा शॉकअपच्या नळीवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतील, कारण जॉइंटवरचा रबराचा बूट फाटला की फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि त्याच फटीतून चिखल-वाळू आत जाते. बूट नुकताच फाटलाय, आवाज अजून नाही, अशा वेळी जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरून बूट बदलला तर एक्सल वाचतो. पावसाळ्याआधी गाडीखाली एकदा डोकावण्याचा खरा उपयोग इथे आहे.

आता गाडी जागच्या जागी उभी आहे, चाक फिरत नाही, आणि नुसतं स्टिअरिंग वळवलं तरी टंग असा आवाज येतो. यात एक्सलचा काय संबंध? स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. कोणीतरी स्टिअरिंग हळू वळवत असताना स्प्रिंगवर बोटं टेकवून पाहा, ती उडी मारल्यासारखी हलते. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये मात्र घालू नका.

स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवलं की टकटक लागते, आणि ती हातातही जाणवते, तर संशय स्टिअरिंगच्या सांध्यांवर: टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश. आणि मारुतीची इको घेऊन येणाऱ्याला एक्सलचं कारण सांगणाऱ्यानं एकदा गाडीखाली बघावं. इकोची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे तो एक्सल मुळात नाहीच.

"बुशांवर ऑइल मारा"

हे करू नका. लोअर आर्मचा रबराचा बुश बाहेरच्या आणि आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. तो घसरत नाही, रबर पिळून काम करतो, म्हणून तिथे वंगण लागतच नाही. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. चार दिवस आवाज दबतो, मग फाटलेला भाग आणखी फाटतो. त्यातून ऑइल उडून ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक नीट धरणार नाही. स्टॅबिलायझरचे बुश सुकून कुरकुरत असतील तर सिलिकॉन ग्रीस चालतं, पण कुरकुर वेगळी आणि खटखट वेगळी.

"अलाइनमेंट करून घ्या"

अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात, ढिला जॉइंट त्यानं घट्ट होत नाही. उलट टाय रॉड एंडमध्ये प्ले असताना केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. आधी ढिलाई काढा, मग मशीनवर चढवा.

"बिनधास्त चालवा"

सगळ्यात जास्त आक्षेप मला याच वाक्यावर आहे. लिंक रॉड वाजत असताना तुम्ही गावाला जाऊन येऊ शकता. लोअर आर्मचा बॉल जॉइंट वाजत असेल तर चौकापर्यंतसुद्धा जाऊ नये. चाकाचा खालचा आधार तोच आहे. तो कपातून निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला मुडपतं, स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही आणि गाडी जिकडे जाईल तिकडे जाते. घाटात किंवा हायवेवर हे झालं तर काय होईल ते मी लिहायला नको. आणि कानाला दोन्ही आवाज सारखेच वाटू शकतात, म्हणून "खटखटीनं काही होत नाही" असं सरसकट सांगणं धोक्याचं आहे.

तपासणी अवघड नाही. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि जॅकशिवाय चेसिसखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. चाक लटकलं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून आत-बाहेर हलवा. ठोका लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ठोका गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊच्या जागी हात: तिथला ठोका बहुधा टाय रॉडचा. शेवटी लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांच्यामध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकंसं उचकटा. बॉल जॉइंट वर-खाली सरकताना डोळ्यांनी दिसला तर गाडी टो करून न्या, चालवत नेऊ नका. टाय रॉड एंडमध्ये असा प्ले दिसला तरी हेच करा.

या सल्ल्याखाली आणखी एक प्रतिक्रिया हमखास येते: "नवा आर्म टाकूनही दोन महिन्यांत वाजायला लागला, पार्ट डुप्लिकेट होता." डुप्लिकेट पार्ट बाजारात आहेत, नाकारत नाही. पण पुष्कळदा दोष आवळण्यात असतो. चाक हवेत लटकत असताना लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर बुश त्या लटकत्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली टेकली की रबर पहिल्या क्षणापासून पिळलेलं, आणि खड्ड्याखड्ड्यात आणखी पिळून लवकर फाटतं. हे बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, गाडी दोन-तीनदा दाबून बसवायची आणि मग शेवटचा टॉर्क द्यायचा. काम सुरू होण्यापूर्वीच मेकॅनिकला हे शांतपणे सांगा, चांगला मेकॅनिक रागावत नाही. जुना पार्ट मागून घ्या, त्याचा बॉल हातानं फिरवून बघा. ज्या रस्त्यावर आवाज येत होता त्याच रस्त्यावर त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा, त्यानंतर अलाइनमेंट, आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट परत एकदा पान्यानं तपासा.