गेट्स नापास झाला म्हणे!

निकालांचा सीझन आला की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच. 'मी काही विषयांत नापास झालो, माझा मित्र सगळ्यांत पास झाला, आज तो मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर आहे आणि मी मालक.' वर बिल गेट्सचा फोटो, खाली कुणीतरी जोडलेलं शेपूट, 'डिग्री म्हणजे नुसता कागद'. यावेळी तो आमच्या भाच्याने टाकला. सेकंड इयरला आहे, एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या पेपरची, केटी लागलीय, आणि त्यावर काकांनी टाळ्या वाजवल्या, मग म्हटलं आता लिहावंच लागणार.

आधी ते नापास. गेट्स असं बोलल्याचा पुरावा कुठेच नाही. एसएटीला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, त्याला 1600 पैकी 1590 होते, 1973 ला हार्वर्डला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी मॅथ 55 घेतला, जो कोर्स बघून भलेभले पळतात. शिवाय त्याचं एक कोडं फेमस आहे. लहानमोठ्या पॅनकेक्सची चळत (थालीपीठं समजा हवं तर), मध्ये कुठेही उलथनं घालून वरचा सगळा गठ्ठा उलटा करायचा, बाकी हात लावायचा नाही, तर सगळ्यात मोठं खाली आणि सगळ्यात छोटं वर यायला जास्तीत जास्त किती वेळा पलटावं लागेल? यावर त्याने पापादिमित्रिऊ नावाच्या प्राध्यापकाबरोबर लिहिलेला पेपर 1979 ला छापून आला आणि त्यातली वरची मर्यादा (म्हणजे यापेक्षा जास्त पलट्या कधीच लागणार नाहीत असा आकडा) 2008 पर्यंत कुणालाही खाली आणता आली नाही. याला नापास म्हणायचं का?

कॉलेज सोडलं हे मात्र खरंय. पण कसं सोडलं ते मेसेजमध्ये नसतं. 1975 ला अल्टेअर नावाचा छोटा कॉम्प्युटर आला, त्यासाठी गेट्स आणि त्याचा शाळेतला मित्र पॉल यांनी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायचं ठरवलं, पण यांच्याकडे अल्टेअर होताच कुठे! पॉल अ‍ॅलनने हार्वर्डच्याच पीडीपी-10 या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरची नक्कल उभी केली आणि त्यावर प्रोग्रॅम चालवून बघितला. म्हणजे ज्या कॉलेजला लाथ मारली म्हणतात त्याच कॉलेजचं मशीन वापरून धंदा सुरू झाला. वर गेट्स रजा टाकून गेला होता, नाहीच जमलं तर परत यायची सोय होती. वडील वकील, आई वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर, आणि शाळेत कॉम्प्युटरचं टर्मिनल 1968 ला आलेलं, तेही मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंचा सेल लावून जमवलेल्या पैशांतून. आमच्या भाच्याकडे काय आहे तर माझा जुना लॅपटॉप.

आता तो 'पास झालेला मित्र'. स्टीव्ह बामर, हार्वर्डला एकाच हॉस्टेलवर होते, 1977 ला रीतसर डिग्री घेतली, 1980 ला मायक्रोसॉफ्टला आला, 2000 ला सीईओ झाला आणि 2024 मध्ये ब्लूमबर्गच्या श्रीमंतांच्या यादीत गेट्सच्या पुढे गेला! आणि 2014 पासून कंपनी चालवतोय कोण, तर मणिपालचा इंजिनिअर, अमेरिकेत एमएस आणि एमबीए केलेला सत्या नाडेला.

राहिला कागद. ज्याला डिग्री कागद वाटते त्याने 1996 ला बामरबरोबर मिळून हार्वर्डला कॉम्प्युटर सायन्सच्या इमारतीसाठी वगैरे 2.5 कोटी डॉलर कशाला दिले असते? इमारतीला नाव दोघांच्या आयांच्या माहेरच्या आडनावांचं, मॅक्सवेल ड्वॉर्किन. त्याच्या 1999 च्या मिलेनियम स्कॉलरशिपमधून 20,000 मुलं कॉलेजला गेली, 2000 ला केंब्रिजच्या स्कॉलरशिपसाठी गेट्स फाउंडेशनने 21 कोटी डॉलर दिले. (करसवलती, फाउंडेशनची दादागिरी यावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण ते भांडण वेगळं.) 2015 ला त्याने स्वतःच लिहिलं की माझं नशीब चांगलं होतं, डिग्री घेणं हाच जास्त खात्रीचा रस्ता आहे. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

काका अजून गप्प आहेत. भाच्याने तेवढं विचारलं, मामा त्या थालीपिठांचं उत्तर काय? चार असतील तर जास्तीत जास्त चार पलट्या, म्हटलं करून बघ. अर्ध्या तासाने ताईचा फोन, पीठ कुणी सांडलं म्हणून.