‘मनावर घेऊ नका’ म्हणणाऱ्यांना मार्चअखेरचं उत्तर

‘निवडणुकीतली आश्वासनं मनावर घ्यायची नसतात. सगळेच पक्ष ती मोडतात. खुर्चीवर बसल्यावरच तिजोरीत काय आहे ते कळतं. कायद्यानंही ती बंधनकारक नाहीत. मोडली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, आणि लोक विसरून जातात.’ अशा अर्थाचा संदेश २०२४ च्या विधानसभा निकालानंतर व्हॉट्सॲपवर फिरत राहिला. आमच्या गावच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या विकास सोसायटीचा संचालक आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

तिजोरीचं कारण आधी घेतो, कारण ते पटकन पटतं. नवखा पक्ष सत्तेत आला असता तर एक वेळ मान्य केलं असतं. पण ५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीनं दहा वचनं जाहीर केली तेव्हा राज्य त्यांचंच होतं. लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी, ही त्यातलीच. जेमतेम चार महिन्यांपूर्वी, २८ जूनला, अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला होता आणि त्यात २० हजार कोटींच्या वर महसुली तूट दाखवली होती. निवडून आल्यावरचा पहिला अर्थसंकल्प १० मार्च २०२५ ला आला, तोही त्यांनीच मांडला. त्यात ना २१०० होते, ना कर्जमाफी. किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या, त्यांना आत काय आहे ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

कायद्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. जाहीरनाम्यातलं आश्वासन लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली ‘भ्रष्ट आचार’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सांगितलं. संदेश तिथेच थांबतो. त्याच निकालात न्यायालयानं निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली आणि ती आदर्श आचारसंहितेत आली. आश्वासनामागचं कारण दिसलं पाहिजे, पैसा कुठून उभा करणार ते ढोबळमानानं सांगितलं पाहिजे, आणि जी पुरी करता येतील अशाच आश्वासनांवर मतं मागावीत, असं त्यात म्हटलंय. तेव्हा ‘पैसा कुठून आणणार’ हा प्रश्न मतदानाआधी विचारायचा आपला हक्क आहे.

आता ‘कुणाचं काही बिघडत नाही’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं मार्चअखेरला कुठल्याही सोसायटीत एक दिवस बसून पाहावं.

पीककर्जाचं गणित असं असतं. मुदतीत परतफेड केली तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडतं. म्हणून मार्च आला की आमच्याकडे ‘नवं-जुनं’ सुरू होतं. कुणी तूर विकून, कुणी बायकोची पोत गहाण ठेवून, कुणी पाहुण्यांकडून हातउसने आणून कर्ज भरतो आणि एप्रिलमध्ये नवी उचल घेऊन ते पैसे परत करतो. मार्चअखेरची तारीख चुकली की सवलत जाते, व्याज बसतं, माणूस थकबाकीदार होतो आणि खरिपाच्या तोंडावर नवी उचल मिळत नाही.

मार्च २०२५ मध्ये हे चक्र अडलं. आमच्याकडचा एक अडीच एकरवाला, इतकी वर्षं मार्च न चुकवलेला माणूस. सोयाबीन हमीभावाखाली विकून आलेले पैसे त्यानं मुलीच्या कॉलेजच्या फीला दिले. का, तर ‘कर्जमाफी होणारच आहे, आता भरून कशाला?’ २८ मार्चला अजित पवार बारामती तालुक्यात जाहीरपणे म्हणाले की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा, सध्याची परिस्थिती कर्जमाफीची नाही. हाती उरले तीन दिवस. ३१ ला संध्याकाळी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन आला आणि सचिवाच्या टेबलापुढे नुसता बसून राहिला. पैसे नव्हतेच. जूनमध्ये बियाणं आणि खत त्यानं कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, दुकानदार लावील त्या भावानं.

आश्वासन दिलंच नसतं, तर या माणसानं दरवर्षीसारखं कर्ज भरलं असतं. त्याचं नुकसान कर्जमाफी न मिळाल्यानं झालेलं नाही. ती मिळेल यावर विश्वास ठेवल्यामुळे झालंय. शब्द दिला त्या दिवसापासून माणसं त्यावर आपले निर्णय बेततात, आणि शब्द मोडला की त्याची वसुली त्यांच्याकडून होते. मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो.

‘सगळेच मोडतात’ हेही खोटं आहे. कर्नाटकात काँग्रेसनं २०२३ च्या निवडणुकीत महिलांना मोफत एसटीचा शब्द दिला आणि ११ जूनला, निकालानंतर महिन्याभरात, योजना सुरू केली. आपल्याकडे उद्धव ठाकरे यांनी सातबारा कोरा करण्याची, म्हणजे सगळं कर्ज माफ करण्याची, भाषा केली होती. प्रत्यक्षात ते मुख्यमंत्री झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. म्हणजे अर्धा शब्द पाळला, आणि तो अर्धाच होता हेही सांगायला हवं. नियमित कर्ज भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन त्याच सरकारनं जाहीर केलं. ते पैसे ऑक्टोबर २०२२ मध्ये, शिंदे सरकारच्या काळात, खात्यावर पडू लागले. कुणी किती पाळलं याचा हिशेब असा नावानिशी मांडता येतो. ‘सगळेच चोर’ म्हटलं की पाळणारा आणि मोडणारा एकाच दावणीला बांधला जातो, आणि त्यात सोय होते ती मोडणाऱ्याची.

राहिलं विसरण्याचं. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन नागपूरजवळ हैदराबाद महामार्ग अडवला. निवडणूक होऊन वर्ष होत आलं होतं आणि मागणी तीच होती, कर्जमाफीची. ३० ऑक्टोबरच्या बैठकीनंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तारीख सांगावी लागली: ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ.

ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो अडीच एकरवाला सोसायटीत आला. म्हणाला, ‘अण्णा, तारीख मिळाली म्हणतात. मग तोवरचं व्याज कुणी भरायचं?’ सचिवानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.