‘काकू, आधी गेम खेळून बघा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी इथे ‘फुकटचे हिरे’ हा लेख लिहिला होता. ‘पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, प्लेअर आयडी कमेंटमध्ये टाका आणि हिरे मिळवा’ अशा मोहिमा मोबाइल गेमवाले फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालवतात. (हिरे म्हणजे खेळातलं चलन, प्लेअर आयडी म्हणजे खेळातला आपला नंबर.) त्यात खेळणाऱ्या मुलांचं नुकसान कसं होतं, एवढाच लेखाचा विषय होता. त्याखाली ‘एक गेमर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिची सुरुवात अशी : ‘काकू, आधी एखादा गेम खेळून बघा, मग ज्ञान पाजळा. शेअर केल्याने कुणाचं काय वाकडं झालंय?’ पुढे तीन मुद्दे आहेत. फेसबुकने लाइकच्या बदल्यात बक्षीस द्यायला बंदी घातली ते साल मी चुकीचं दिलं. फसवणूक बनावट पेजवाले करतात, त्यात कंपनीचा काय दोष. आणि छोट्या गेम कंपन्यांकडे जाहिरातीला पैसे नसतात, त्यांनी करायचं काय. शेवटी स्वतःचा प्लेअर आयडी देऊन माझ्याशी मॅच लावायचं आव्हान दिलंय.

साल चुकलं, मान्य. मी २०१३ लिहिलं होतं. घोषणा ऑगस्ट २०१४ ची आणि अंमल त्याच वर्षी ५ नोव्हेंबरपासून. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण साल चुकलं म्हणून नियम खोटा ठरत नाही. आजही फेसबुकच्या पेजसाठीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की स्पर्धेत भाग घ्यायला ‘टाइमलाइनवर शेअर करा’ किंवा ‘मित्रांना टॅग करा’ अशी अट घालता येत नाही. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. तुम्हाला साल तेवढं दिसलं.

आता ‘काकू’बद्दल. मी ४४ वर्षांची आहे. सोसायटीतली मुलं मला काकूच म्हणतात, मायेने म्हणतात, मला आवडतं. तुम्ही ते तसं म्हटलेलं नाही. घरातल्या बाईला फोनमधलं काय कळतं, हा सूर मी ओळखते. हाच लेख पंचवीस वर्षांच्या एखाद्या मुलाने लिहिला असता, तर त्याला तुम्ही ‘आधी खेळून बघ’ म्हणाला असतात का? त्याने खेळून बघितलंच असेल असं धरून चालला असतात. माझा मुद्दा पटला नाही तर खोडून काढा. पण मी कोण, काय करते, याची चौकशीही न करता ‘ज्ञान पाजळा’ म्हणायचं, ही कुठली रीत?

खेळायचंच विचारलंत म्हणून सांगते. २००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल हा शेतीचा खेळ आला तेव्हापासून मी खेळतेय. तेव्हा मी नोकरी सांभाळून पहाटे उठून पिकं कापायचे, वाळून जाऊ नयेत म्हणून. त्या खेळात भटकत आलेलं कुरूप बदकाचं पिल्लू भिंतीवर पोस्ट केलं की मित्रमैत्रिणींनी ते दत्तक घ्यायचं. माझ्या एका मामेबहिणीने मला त्यापायी यादीतून काढून टाकलं होतं, लग्नात भेटल्यावर तिने ते तोंडावर सांगितलं. पुढे कँडी क्रश हा गोळ्या जुळवायचा खेळ. पाच जीव, म्हणजे हरायच्या पाच संधी, संपले की अर्ध्या तासाला एक भरणार, नाहीतर मित्रांकडे मागा. मी मध्यरात्री ऑफिसातल्या साहेबांना जीव मागितलेला आहे. मित्रांना ओढून आणण्याच्या बदल्यात खेळात काहीतरी मिळतं, ही युक्ती माझ्यावर चालून गेलेली आहे. ती किती गोड लागते हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे.

आणि ‘शेअर केल्याने कुणाचं काय वाकडं झालंय?’ हे वाक्य वाचल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही. कारण याचं उत्तर मला माहीत आहे. लेखात मी ते लिहिलं नव्हतं, लिहायला नको वाटत होतं. आता लिहिते.

२०१६ ते २०१८ मी पुण्यातल्या एका छोट्या गेम कंपनीत होते. नाव लिहिणार नाही. फेसबुक पेज सांभाळणं, खेळणाऱ्यांच्या मेसेजना उत्तरं देणं हे माझं काम. तुम्ही ज्या पोस्टची बाजू घेताय तशा पोस्ट मी स्वतः लिहिल्या आहेत. ‘पेजला ५० हजार लाइक पूर्ण झाले की सगळ्यांना ५०० नाणी! शेअर करा आणि आपला आयडी कमेंटमध्ये लिहा.’ पोस्ट पडली की कमेंटची रांग लागायची. नुसते आकडे. प्रत्येक आकड्याच्या डाव्या बाजूला मुलाचा फोटो, नाव, आणि नावावर बोट ठेवलं की शाळा, गाव, घरच्यांचे फोटो. मी ते आकडे उचलून एक्सेलमध्ये भरायचे, म्हणजे नाणी पाठवता यायची.

आकडे उचलणारी मी एकटी नव्हते. आमचाच लोगो लावलेलं, नावात एकच अक्षर इकडचं तिकडे केलेलं पेज त्याच संध्याकाळी उभं राहायचं. तिथून मुलांना मेसेज जायचा, ‘अभिनंदन, आयडी अमुक अमुक, तुम्हाला ५००० नाणी लागली आहेत, इथे लॉगिन करा.’ आयडी बरोबर. मग मुलाने विश्वास का ठेवू नये? आपला आयडी कंपनीशिवाय कुणाला माहीत असणार, असंच त्याला वाटणार. तो आयडी आम्हीच त्याला चव्हाट्यावर टाकायला लावला होता, हे त्याच्या डोक्यात येत नाही. समोर उघडलेलं पान फेसबुकच्या लॉगिनसारखंच दिसायचं. पासवर्ड टाकला की संपलं.

त्यातल्या एका मुलाने पेजवर आवाजी मेसेज पाठवला होता. अकरा वर्षांचा, सोलापूरकडचा, बोलताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. ‘ताई, मी लिंकवर पासवर्ड टाकला आन् आता माझा गेम उघडंना. पप्पांचं फेसबुक हाय, पप्पांला सांगू नका.’ मी ते साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘आपल्या पेजवरून गेलंय का? नाही ना? मग सोड.’ आणि मी त्या मुलाला ठरलेलं उत्तर चिकटवलं : ‘कृपया फक्त अधिकृत पेजवरच विश्वास ठेवा.’ पप्पांच्या खात्यावरून पुढे त्यांच्या ओळखीच्यांना पैसे मागणारे मेसेज गेले, हे त्यानेच आठवड्याने कळवलं. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही. तुम्ही विचारलंत कुणाचं वाकडं झालं म्हणून. त्याचं झालं.

आता ‘बनावट पेजवाल्यांचा दोष, कंपनीचा नाही’ हा मुद्दा. साहेबांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं यात मला शब्दाचाही फरक दिसत नाही. चोर तो चोरच, त्याला कुणी सोडा म्हणत नाही. पण मुलाच्या हाताला सवय कुणी लावली? कॉइन मास्टर हा गेम घ्या. फुकट स्पिनच्या, म्हणजे खेळातलं चक्र फिरवायच्या संधीच्या, लिंका कंपनी आपल्या सोशल मीडियावर रोज टाकते. लिंक दाबा, बक्षीस घ्या, हे मूल महिनोन्महिने करतं, आणि दर वेळी खरंच काहीतरी मिळतं. मग एक दिवस त्याच रंगाची, त्याच भाषेतली लिंक दुसऱ्याच कुणाची येते. तेव्हा त्याने थांबून पत्ता वाचावा, अशी अपेक्षा तुम्ही करता? फ्री फायर या गेमचे रिडीम कोड, म्हणजे टाकले की बक्षीस देणारे अक्षर-आकडे, बघा. गेस्ट खात्यावर, म्हणजे कशाशीच न जोडलेल्या खात्यावर, ते चालत नाहीत. खातं फेसबुक, गुगल अशा कशालातरी जोडावं लागतं आणि कोड टाकायला त्या खात्याने लॉगिन करावं लागतं. म्हणजे बक्षिसापोटी लॉगिन करायचं, हे मुलाला खऱ्या जागीच शिकवलं जातं. खोट्या जागेला फक्त नक्कल करायची असते. कोड शोधणाऱ्या पोरांसाठी यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर काय काय पसरलंय, ते तुम्ही रोज बघत असाल. मग ‘काय वाकडं झालंय’ असं तुम्ही कुठल्या तोंडाने विचारता?

आणखी एक, जे लेखात नीट आलं नव्हतं. बक्षिसासाठी ‘भारी गेम आहे, सगळ्यांनी घ्या’ असं लिहिणारं मूल पगार न घेता जाहिरात करत असतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच ठरवलंय की मोबदला घेऊन पोस्ट टाकली तर तसं ठळक लिहायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२३ मध्ये तेच सांगितलं. मोबदला म्हणजे रोख रक्कमच असं नाही, भेटवस्तूही त्यात धरल्या आहेत. सातवीतल्या पोराने ५०० हिऱ्यांसाठी टाकलेल्या स्टोरीवर तसं लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं कुणीही मूलच आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत, असं त्यात लिहिलंय. कमेंटमध्ये आयडी मागणाऱ्या कुठल्या पोस्टखाली पालकांना विचारलेलं असतं?

छोट्या कंपन्यांच्या पैशांबद्दल मला इथे काही बोलायचं नाही. मी त्याच कंपनीत पगार घेतलाय, चणचण बघितली आहे. जाहिरात परवडत नाही म्हणून ती अकरा वर्षांच्या मुलाकडून करून घ्यायची, यावर काय चर्चा करायची?

‘खेळाची मजा घालवू नका’ असंही तुम्ही मध्ये कुठेतरी लिहिलंय. मजा घालवायची असती तर मी खेळूच नका असं लिहिलं असतं. माझा भाचा खेळतो, मी त्याच्याबरोबर बसते. घरात एवढंच ठरलंय की बक्षीस गेमच्या आत मिळालं तर घ्यायचं, बाहेरच्या लिंकवर जाऊन घ्यायचं नाही, आणि आयडी कुठेही लिहायचा नाही. ज्यांच्या घरी खातं गेलंय त्यांनी आधी जोडलेल्या फेसबुकचा नाहीतर गुगलचा पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा, मुलाला नंतर रागवावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘काकू’सकट तशीच आहे. त्यातला तुमच्या प्लेअर आयडीचा आकडा मात्र वाचल्यावाचल्या पुसला. तो सहा तास उघडा होता. त्या वेळात कुणाचा ‘अभिनंदन’चा मेसेज आला असेल तर लिंक उघडू नका.