अ‍ॅशबर्नचे माझे 22 वाचक

गेल्या रविवारी मी माझ्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर 'अ‍ॅशबर्न येथील रसिक वाचकांचे मनःपूर्वक आभार' अशी ओळ टाकली. ठळक अक्षरांत. मंगळवारी ती गुपचूप काढली. मधल्या दोन दिवसांत जे झालं, त्याबद्दल मी नानांना माफ केलेलं नाही. मुळात त्यांची काही चूक नव्हती, म्हणून तर जास्तच राग आहे.

वेबसाइट शाईच्या पेनांवर आहे. तीन वर्षांत चाळीसेक लेख झाले: निब कशी धुवावी, शाई का गळते, टोपण का चिरतं. कोण वाचतं ते माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या अज्ञानात मी सुखी होतो. मग कुणीतरी म्हणालं, अरे, वाचक मोजायचं साधन फुकट मिळतं, चार ओळींचा कोड चिकटवायचा की झालं. चिकटवला. कुठलं साधन ते सांगत नाही, अशी पुष्कळ आहेत.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर आलं, 'आत्ता साइटवर: 1'. माझ्या अंगावर काटा आला. या घटकेला जगात कुठेतरी एक माणूस माझं वाचतोय! तो काय वाचतोय ते पाहिलं, तर तो पहिल्या पानावर होता. मीही होतो. मी 'निब कशी धुवावी' उघडलं, तर तोही मागोमाग तिथेच. काय आवड जुळावी! मी 'टोपण' वर गेलो, तोही टोपणावर. चौथ्या पानावर मला संशय आला आणि पाचव्यावर खात्री पटली. मी साइट बंद केली आणि अर्ध्या तासाने तो बिचारा शून्य झाला.

तरीही आठवड्याच्या शेवटी आकडा आला: पाहुणे 47, भेटी 61, पानं 183. त्यातले 22 पाहुणे एकट्या अ‍ॅशबर्नचे, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले. मी नकाशा काढून बघितला. लहानसं गाव, आणि तिथे मराठीतून शाईच्या पेनांबद्दल वाचणारी 22 माणसं. मी मनातल्या मनात त्यांना नावंसुद्धा दिली होती. त्यातल्या एका आजोबांकडे वडिलांचं पेन होतं.

नेमके तेव्हाच नाना आले.

नाना शेजारी राहतात. 31 वर्षं लेखापरीक्षक होते. निवृत्त झाले, पण सवय नोकरीत राहिली नाही, बरोबर घरी आली. त्यांच्या खिशात अजून लाल-निळी पेन्सिल असते. मी मोठ्या कौतुकाने पडदा त्यांच्याकडे वळवला, ही माझी चूक. त्यांनी चष्मा वर केला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "हे तिन्ही आकडे वेगळे का? ताळमेळ लागत नाही."

मी समजावलं. पाहुणा म्हणजे माणूस, भेट म्हणजे तो किती वेळा आला, पान म्हणजे त्याने काय काय उघडलं.

"माणूस ओळखला कसा? सही घेतली?"

"नाही हो. त्याच्या ब्राउझरमध्ये एक खूणचिठ्ठी ठेवतात. कुकी म्हणतात तिला."

"त्याने ती पुसली तर?"

"मग तो नवा पाहुणा."

"आणि एकच माणूस फोनवरून आला, मग कॉम्प्युटरवरून आला?"

"दोन पाहुणे."

नानांनी पेन्सिल काढली. माझ्याच वहीचं एक पान त्यांनी उभं दुमडलं. ज्यांनी सरकारी ऑडिट भोगलंय त्यांना तो हाफ मार्जिन कागद माहीत असेल: डावीकडे आक्षेप, उजवीकडे तुमचा खुलासा. डावीकडे त्यांनी लिहिलं, '1) बोगस नावे'.

"बरं, भेट एक की दोन, हे कसं ठरतं?"

"अर्धा तास काही हालचाल झाली नाही की ती भेट संपली. मग परत काही उघडलं तर दुसरी."

"म्हणजे तुझा लेख वाचता वाचता एखाद्याला डोळा लागला, तो चाळीस मिनिटांनी उठला आणि पुढचं पान उघडलं, तर दोन भेटी?"

"हो."

"म्हणजे लेख जितका कंटाळवाणा तितक्या भेटी जास्त." हे त्यांनी लिहूनच घेतलं. अक्षर अतिशय सुबक.

इथे मी जरा इतिहासाच्या आडोशाला गेलो. म्हटलं, नाना, पूर्वी याहून वाईट होतं. नव्वदच्या दशकात लोक 'हिट्स' मिरवायचे. हिट म्हणजे सर्व्हरकडे, साइट ठेवलेल्या यंत्राकडे, गेलेली प्रत्येक मागणी. एका पानावर दहा चित्रं असली की पान एक आणि चित्रं दहा, एका माणसाचे अकरा हिट्स व्हायचे. लोक चित्रं वाढवायचे आणि लोकप्रिय व्हायचे. मग 2005 मध्ये गूगलने अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचं वाचक मोजायचं साधन फुकट वाटायला काढलं. इतकी झुंबड उडाली की थोड्याच दिवसांत नवी नोंदणी थांबवावी लागली. सगळ्यांना दार सताड उघडलं ते 2006 च्या ऑगस्टमध्ये. वाचक कुठून आला ते कळावं म्हणून आजही दुव्यांच्या शेपटीला यूटीएम नावाची जी खूण लावतात, त्यातला यू त्या अर्चिनचाच. इंग्रजीत अर्चिन म्हणजे उनाड कार्टं, आणि समुद्रातला तो काटेरी गोळाही. दोन्ही अर्थ चपखल बसतात.

नानांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "इतिहास नको, व्हाउचर दाखव. ही वेळ शून्य सेकंद का?"

हे दुखरं होतं. पाच पाहुण्यांपुढे वाचनाचा वेळ 0 होता. मी सांगितलं की माणूस पानावर किती थांबला हे या साधनाला तेव्हाच कळतं, जेव्हा तो दुसरं पान उघडतो. दोन वेळांची वजाबाकी करतात. एकच पान वाचून गेला तर वजा कशातून करणार? मग शून्य. त्याने तासभर डोळ्यांत प्राण आणून वाचलं असेल, तरी शून्य.

"म्हणजे हजेरीपटावर येतानाची सही आहे, जातानाची नाही."

"तसंच."

"मग नियमाने तो माणूस अजून आतच आहे." नानांनी पडद्याच्या मागे एकदा वाकून पाहिलं. विनोद म्हणून पाहिलं की सवयीने, ते कळलं नाही.

पुढचा रकाना 'थेट' आलेल्यांचा. मी उत्साहाने म्हटलं, हे लोक पत्ता पाठ करून सरळ येतात. मग खाली बारीक अक्षरांत वाचलं की कुठून आले हे कळलं नाही, तर त्यांनाही 'थेट' मध्येच टाकतात. नाना पहिल्यांदा मनापासून हसले. "जे जुळत नाही ते 'इतर' मध्ये ढकलायचं. 31 वर्षं हेच पकडत आलो. कारकून बदलला, पद्धत तीच."

आणि मग पेन्सिलीचं टोक अ‍ॅशबर्नवर टेकलं. "हे कोण?"

मी आजोबांची गोष्ट सांगितली. वडिलांच्या पेनासकट.

"पत्ता कुणी पडताळला?"

पडताळला नव्हता. रात्री पडताळला. अ‍ॅशबर्न हे जगातल्या सर्वात मोठ्या डेटा सेंटरांच्या जथ्यांपैकी एक. खिडक्या नसलेल्या इमारती आणि आत रांगेने गुरगुरणारी यंत्रं. तिथून इंटरनेटवर जी जा-ये होते, त्यातली बरीचशी माणसांची नसतेच. यंत्रं पानं चाळत फिरतात. ओळखीची यंत्रं साधनं गाळतात, पण जी माणसासारखा ब्राउझर चालवून येतात ती पाहुणे म्हणून आत घुसतात. तर माझे 22 रसिक म्हणजे यंत्रांची कपाटं होती. त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानले होते, ठळक अक्षरांत.

आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या यंत्राच्या आकडी पत्त्यावरून, गाव काढणं हा मुळात अंदाजाचा धंदा, हेही त्याच रात्री वाचलं. 2016 मध्ये उघडकीला आलं की कुठला पत्ता कुठल्या गावचा हे सांगणाऱ्या अशा एका यादीत, अमेरिकेतल्या ज्या पत्त्यांचं ठिकाण कळत नव्हतं ते सगळे देशाच्या साधारण मध्यावर, कॅन्ससमधल्या एका शेतावर नोंदवले होते. कोट्यवधी पत्ते! त्या शेतावरच्या लोकांच्या दारी वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेली माणसं येत होती, तुम्हीच आम्हाला फसवलं म्हणून. त्यामानाने माझं नुकसान एका ओळीचं.

सकाळी नाना हजर. दोघांनी बसून हिशोब केला. 47 मधून 22 कपाटं वजा. उरले 25. त्यातला मी किती? फोन, लॅपटॉप, कामावरचा कॉम्प्युटर, शिवाय साइट नीट दिसते का बघायला ब्राउझरची खासगी खिडकी, जी जुन्या कुकी विसरते, ती उघडून मी रोज डोकावत होतो, आणि दरवेळी साधनाने माझं नवा पाहुणा म्हणून स्वागत केलं होतं. असा मी 19 निघालो. उरले सहा. पाच जण शून्य सेकंदवाले. सहावा बायकोचा फोन, तोही मीच तिच्या हातातून घेऊन उघडलेला.

त्याच दिवशी साधनाची मेल आली: 'अभिनंदन! टोपणाच्या लेखाच्या वाचकांत 100 टक्के वाढ.' एकाचे दोन झाले होते. दोन्ही मी.

हसू येतं, पण एक सांगतो. या आठवड्यात मी एक ओळ लिहिली नाही. 'पिस्टन पेनाची रचना' या सरळ मथळ्याचं मी 'पेनाच्या पोटातलं हे रहस्य तुम्हाला माहीत आहे का?' केलं आणि दर दहा मिनिटांनी आकडा बघितला. माझ्या सहा पाहुण्यांना दारातच एक जाडजूड पट्टी आडवी येते, 'आम्ही कुकी वापरतो, मान्य?' म्हणून. मी काय कुकी वापरणार, मी शाई वापरतो! पण फुकटच्या साधनाला माझ्या वाचकाची चाहूल हवी, आणि ती मी माझ्या हाताने चिकटवून दिली. आपल्या घराला दुसऱ्याचा पहारेकरी ठेवायचा आणि त्याने आपल्यालाच सांगायचं की कुणी येत नाही. हे फुकट कसलं?

मी मथळा परत सरळ केला. नाना कागद घडी घालून खिशात ठेवत होते, तेवढ्यात थबकले.

"यात मी कुठाय?"

"तुम्ही?"

"मी वाचतो ना. रात्री झोप लागत नाही तेव्हा. पिस्टनचा लेख दोनदा वाचलाय. तिसऱ्या परिच्छेदात ती निब आहे आणि सातव्यात तो निब. विचारायचं राहून गेलं."

मी त्यांच्या टॅबलेटवर साइट उघडून बघितली. पडद्यावरचा आकडा ढिम्म. नातवाने जाहिराती अडवणारं काहीतरी घालून दिलंय. ते मोजणीचा कोडही अडवतं. तीन वर्षं नाना माझे चाळीसच्या चाळीस लेख वाचत होते, आणि साधनाच्या दृष्टीने ते जन्मालाच आले नव्हते.

नानांनी कागद परत उलगडला, डावीकडे लिहिलं, 'एक वाचक हिशोबाबाहेर. खुलासा करावा.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले.

उजवी बाजू अजून कोरी आहे. आधी निब तो की ती ते ठरवतोय.