थारच्या सॉलिड ॲक्सलबद्दल: तुमच्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल सकाळी गॅरेजचा गाळा उघडल्या उघडल्या जॉबकार्ड काढून बसलो, तुमच्या थारला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) बसवला त्या कामाचं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुम्ही लिहिलंय की किणी टोलनाक्याच्या अलीकडे 80 च्या वेगाला एका खड्ड्यावरून गाडी गेली आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत मावेना इतकं थडथडायला लागलं, मागे मुलं बसली होती. सगळ्यात आधी त्याबद्दल माफी मागतो. मुलं घाबरली असतील, तुम्हीही घाबरला असाल. कुणाला काही लागलं नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला.

आता चूक कोणाची ते सांगतो. चूक आमची आहे.

जॉबकार्डवर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागचा कल, लिहिलाय: डावीकडे 2 अंश, उजवीकडे दीड. त्यापुढे बरोबरची खूण आहे आणि ती माझ्या हातची आहे. एवढ्या मोठ्या टायरवर मी स्वतः 5 ते 6 अंश मागतो. 3 च्या खाली गाडी रस्त्यावर भरकटते, आणि एखादा खड्डा मिळाला की चाकं डावी-उजवी हलायला लागतात ती थांबतच नाहीत. तुमच्या बाबतीत तेच झालं.

हे का झालं, तेही इथे सगळ्यांसमोर लिहितो, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की सॉलिड ॲक्सल म्हणजेच फसवणूक. ॲक्सलवर तो ठपका नको. चाक ज्या खिळीवर वळतं ती किंग पिन, आणि कॅस्टर म्हणजे तिची वरची बाजू मागे कललेली असणं. त्या कलामुळे चाक आपण होऊन सरळ रेषेत यायला बघतं. पिनियनचं (ॲक्सलला ताकद देणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) तोंड मात्र मागे, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीकडे) असतं. दोन्हींच्या जागा ॲक्सलच्या एकाच हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, पक्क्या असतात. गाडी उंच केली, पाटे (लीफ स्प्रिंग) लोंबले, की प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पिनियनपर्यंतचा फिरता दांडा) जास्त तिरका होतो आणि त्याचा सांधा, क्रॉस, अडकायला लागतो. तुमच्या गाडीत तो अडकत होता. आम्ही पाट्याखाली 4 अंशांची पाचर घातली आणि पिनियन वर उचललं. क्रॉस मोकळा झाला. पण पिनियन वर गेलं तेव्हा किंग पिनचा माथा तेवढाच पुढे आला, आणि कॅस्टरचे ते 4 अंश गेले.

खरा उपाय वेगळा आणि जास्त वेळखाऊ आहे. नकल (चाक धरून वळणारा भाग) ज्या टोकावर बसते त्या टोकाचं हाऊसिंगच्या नळीवरचं वेल्डिंग कापायचं, टोक हवं तेवढं फिरवायचं, पुन्हा वेल्ड करायचं. मग पिनियन वर राहतं आणि कॅस्टरही मिळतो. काम आधीच लांबलं होतं, तुमचे फोन येत होते, आणि मी पाचरीवर भागवलं. घाई मी केली. ट्रायलसुद्धा पावसात, 60 च्या पुढे न जाता घेतली. 80 ला काय होतं ते आम्ही पाहिलंच नाही, ते तुम्हाला बघावं लागलं.

टायर तुम्ही नंतर बदललेत हे मला माहीत आहे. बॅलन्सिंगमुळे थोडा फरक पडला असेल, पण कॅस्टर नीट असता तर तेवढं गाडीनं सोसलं असतं. ते कारण मी पुढे करणार नाही.

एक विनंती. अशा थडथडीवर स्टिअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) टाका असं बरेच जण सुचवतात. आत्ता टाकू नका. डॅम्परनं थडथड झाकली जाते, कोन तसाच राहतो.

आता ज्या दोन गोष्टींशी मी सहमत नाही त्या. तुम्ही म्हणता आम्ही भंगारातला ॲक्सल बसवला. ॲक्सल जुना आहे, पहिल्या दिवसापासून तेच ठरलं होतं. पाट्यांवरच्या जुन्या थार डीआयचा ॲक्सल बाजारात जुनाच मिळतो. तो तुमच्यासमोर उघडला होता. क्राऊनचे (पिनियननं फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात तुम्ही स्वतः बोटानं मोजले होते, 41, आणि पिनियनचे 11, म्हणजे रेशो 3.73. मागच्या ॲक्सलचा तोच निघाल्यावरच पुढचं काम धरलं. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असला तर फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केस फुटते. बेअरिंग आणि सील सगळे नवे. किंग पिन बसवल्यावर नकलच्या हाताला स्प्रिंग काटा अडकवून ओढून पाहिलं. पिन ढिली असली की नकल भसकन सुटते. तुमच्या दोन्ही नकल जड, एकसारख्या फिरल्या. काट्यावरचा तो आकडा जॉबकार्डावर आहे, आणि तो बरोबर आहे.

दुसरं, स्पीड ब्रेकरवर गाडी आधीपेक्षा कडक आदळते. हे खरंच आहे आणि तसंच राहणार. तुमच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बारचं (पिळणाऱ्या सळईच्या स्प्रिंगचं) स्वतंत्र सस्पेन्शन होतं, प्रत्येक चाक आपापलं वर-खाली व्हायचं. आता दोन्ही चाकं एका दांड्याला आहेत, एकाचा धक्का दुसऱ्याला जाणारच. तुम्ही आलात तेव्हा दोनदा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) तुटला होता आणि खडकावर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा मधला गिअरचा गोळा) घासत होतं. चाक वर दाबलं गेलं की चॅसीला बांधलेलं डिफरन्शियल जमिनीकडे येतं. सॉलिडमध्ये ते चाकांबरोबरच वर जातं, खालची जागा तेवढीच राहते. त्यासाठीच आपण हे केलं. पण काम धरण्याआधी तुम्हाला तशा गाडीतून एक चक्कर मारून आणायला हवी होती. ती मारली नाही.

बिल 38 हजारांनी वाढलं. मूळ गाडीत स्टिअरिंगचा रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) होता, सॉलिडला तो चालत नाही, स्टिअरिंग बॉक्स लागतो. बॉक्सचा सगळा ताण चॅसीच्या एका कोपऱ्यावर येतो, म्हणून आतून नळी आणि दोन्ही बाजूंनी प्लेट घालावी लागली. काम गरजेचं होतं, पण तुम्हाला न विचारता केलं. त्यातली मजुरी, 14 हजार, आज परत पाठवतोय. तीन आठवडे सांगून सात लावले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पासिंगबद्दल, म्हणजे असा बदल आरटीओत मंजूर होत नाही असं, तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यांप्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीसुद्धा हाच मुद्दा काढू शकते. मी तुम्हाला ‘ही ट्रेलची गाडी आहे’ एवढंच तोंडी बोललो होतो. तुम्ही त्याच गाडीनं रोज कामावर जाणार हे मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी काम नाकारायला हवं होतं. नाकारलं नाही. यापुढे घरातली एकमेव गाडी असेल तर आम्ही पुढचा ॲक्सल बदलणार नाही, आणि बाकीच्यांना हे सगळं सही घेऊन लेखी देऊ.

तुम्ही विचारलंय, सगळं होतं तसं करून द्याल का? तुमचे सस्पेन्शनचे जुने आर्म, टॉर्शन बार आणि रॅक टॅग लावून जपून ठेवलेत. पण चॅसीवरचे मूळ ब्रॅकेट कापलेत. ते पुन्हा जोडता येतील, कंपनीच्या वेल्डिंगची ताकद मी पुन्हा देऊ शकत नाही. म्हणून माझा सल्ला कोन दुरुस्त करून गाडी ट्रेलसाठीच ठेवावी असा आहे. निर्णय तुमचा, दोन्हीपैकी जे म्हणाल ते एक पैसा न घेता करू.

तोवर गाडी चालवू नका, गाळ्यापर्यंतसुद्धा नाही. गुरुवारी सकाळी फ्लॅटबेड पाठवतो, भाडं आमचं. जमलं तर त्याच्याबरोबर तुम्हीही या. पाचर काढायच्या आधी आणि टोकं फिरवून वेल्ड केल्यावर, दोन्ही वेळा अँगल गेज तुम्ही स्वतः लावून आकडा वाचा. जॉबकार्डावर तो तुमच्या हातानं लिहिलेला मला हवा आहे.