अलादार रात्स यांना स्ट्राविन्स्कींनी घडवलं नाही

सिंबालोम या तारांवर काठ्यांनी वाजवायच्या हंगेरियन वाद्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास पुढे येते. सिंबालोमवादक अलादार रात्स जिनिव्हातल्या एका बारमध्ये वाजवत होते, 1915 मध्ये रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कींनी त्यांना हेरलं आणि त्यांचं नशीब उघडलं. एरवी हे वाद्य जेवणाऱ्यांच्या करमणुकीचंच, असंही सांगतात. भेट झाली हे खरं. बाकीचं पटण्यासारखं नाही.

आधी ‘हेरलं’ हा शब्द घ्या. रात्स तेव्हा तिशीला टेकले होते, रोमा (जिप्सी) वादकांच्या परंपरेत तयार झाले होते, पॅरिसमध्ये वाजवून आले होते. नवं शिकले ते स्ट्राविन्स्की. वाद्य ऐकून ते इतके भारावले की त्यांनी स्वतःसाठी सिंबालोम विकत घेतलं, त्यावर हात बसवला आणि ‘रेनार’ व ‘रॅगटाइम’ या रचनांत ते वापरलं. मग कोणाचे उपकार कोणावर?

करमणुकीचं वाद्य म्हणाल, तर हंगेरियन संगीतकार एर्केल यांच्या ‘बांक बान’ या ऑपेरात ते 1861 मध्येच होतं. पुढे 1874 च्या सुमारास बुडापेस्टचे वाद्यनिर्माते शुंदा यांनी त्याला पाय दिले, पेडल दिलं. संतूरच्या कुळातल्या या वाद्याची आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, आता वादकाला हवी तेव्हा तोडता येऊ लागली. मैफलीसाठी याहून मोठी सोय कोणती?

आणि स्ट्राविन्स्कींमुळेच कारकीर्द झाली, हा दावा तर रात्स यांच्या कष्टांवर अन्याय करणारा आहे. ते वळले बाख, कूपराँ, स्कार्लाती या जुन्या युरोपीय संगीतकारांकडे. कीबोर्डवर दहा बोटांसाठी लिहिलेलं हे संगीत त्यांना दोन काठ्यांनी वाजवायचं होतं. त्यात सिंबालोमवर स्वर पियानोसारखे ओळीने लागत नाहीत. शेजारचा सूर हाताला भलतीकडेच सापडतो. एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन सुरावटी दोन काठ्यांत वेगळ्या ऐकू आणायच्या, तर प्रत्येक आघाताची जागा आणि वजन आधीच ठरलेलं हवं. ही तयारी बारमधल्या एका भेटीने होत नाही. 1926 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांनी एकट्याची मैफल केली. 1938 पासून बुडापेस्टच्या लिस्ट संगीत अकादमीत ते शिकवू लागले, 1948 मध्ये हंगेरीचा कोशुत पुरस्कार मिळाला.

त्यांच्यानंतर सिंबालोमवादक मार्ता फाबियान यांनी नव्या रचना मैफलीत आणि ध्वनिमुद्रणांत आणल्या. हंगेरियन संगीतकार कुर्ताग यांनी 1973 मध्ये ‘साल्काक’ ही रचना एकट्या सिंबालोमसाठी लिहिली.